खारूचं ताट

आबा कात्री खाली ठेवणार, ही बातमी आधी घरात कुणी मनावर घेतलीच नाही. आबा असं अधूनमधून म्हणतच असत. कधी डोळ्यांवरून, कधी गुडघ्यांवरून, आणि एकदा तर एका नटीने राणीच्या झग्यावर चहा सांडला त्या रागावरून. पण या खेपेला त्यांनी रविवार ठरवला, सगळ्यांना दुपारच्या जेवणाला कारखान्यात बोलावलं आणि "धंद्याचं काय ते जेवणानंतर सांगतो" असं जाहीर केलं. तेव्हा त्यांच्या लेकीला, म्हणजे आत्याला, कळलं की म्हातारा आता खरंच बोलतोय.

आत्याला सगळी गल्ली आत्याच म्हणत असे. तिला भाची एकच होती, पण तेवढ्या एका भाचीने हाका मारमारून तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी बदलून टाकलं होतं.

कारखाना म्हणजे दुकानाच्या माडीवरची लांबलचक खोली. नाटकवाल्यांचे पोशाख तिथे शिवले जात. एका भिंतीला मशिनं, दुसऱ्या भिंतीला उंच आरसे, कोपऱ्यात चहा करायची शेगडी, आणि मधोमध कापड बेतायचं भलंमोठं टेबल. सकाळपासून आत्या ते टेबल मोकळं करत होती. टाचण्या वेचल्या, खडू उचलले, पांढरी चादर अंथरली. मग ती आरशांकडे वळली आणि एकेकावर मांजरपाट टाकत सुटली.

"हे काय? आरशांना थंडी वाजते का?" आबांनी विचारलं.

"खारू येतेय ना."

"म्हणजे आता आरशांनीही तिला बघायचं नाही?"

"तिने आरशांना बघायचं नाही. निदान जेवताना तरी."

आबा काहीतरी पुटपुटले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांना ही सगळी थेरं वाटत होती. आठवडाभर आधी दादाने, त्यांच्या थोरल्या मुलाने, प्रत्येकाला गाठून बजावलं होतं. खारूला कुणी बारीक म्हणायचं नाही, जाड म्हणायचं नाही, 'छान दिसतेस' असंही म्हणायचं नाही. तिच्या ताटाकडे टक लावून बघायचं नाही. 'एवढंच?' नाही आणि 'एवढं?' देखील नाही.

"मग बोलायचं काय? हवामान?" धाकट्या छोटूने विचारलं होतं.

"हवामान चालेल," दादा गंभीरपणे म्हणाला होता.

खारू ही दादाची एकुलती एक लेक. लहानपणी दारांवर, कपाटांवर, कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून बसे, म्हणून आबांनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. शाळा सुटली की घरी न जाता ती कारखान्यात यायची आणि आत्याच्या मशिनपाशी पाय हलवत बडबडत बसायची. मग हळूहळू बडबड कमी झाली. पाठोपाठ येणंही कमी झालं. गेल्या वर्षी शाळेच्या नाटकासाठी आत्याने तिची मापं घेतली, आणि तिचे हात थबकले. सैल स्वेटरच्या आत पोरगी उरलीच नव्हती.

त्याच दिवशी सगळे जेवायला बसले असताना आत्या म्हणाली होती, "खारू वाळत चाललीय. मला काही ठीक दिसत नाही."

"तुझ्या शेजारी सगळेच वाळलेले दिसतात गं, ताई!" छोटू म्हणाला, आणि टेबलाभोवती हशा पिकला. आबा हसले, दादा हसला. आत्याही हसली. ती नेहमीच हसायची. अंगाने ती पहिल्यापासून भरलेली होती, आणि तिच्या अंगावरून विनोद करणं म्हणजे या घरात मीठ मागण्याइतकं सहज होतं. बऱ्याचदा ती स्वतःच तो आधी करून मोकळी व्हायची. दुसऱ्याने टोचण्यापेक्षा आपणच टोचून घेतलेलं बरं.

हसली नव्हती ती एकटी वहिनी.

वहिनी म्हणजे खारूची आई. ती शहरातली बस चालवायची. लग्न होऊन या शिवणकाम करणाऱ्या घरात आली तेव्हापासून तिने सुईला हात लावला नव्हता, आणि आत्याने ही गोष्ट तिला कधी विसरू दिली नव्हती. दोघींचं भांडण नव्हतं, पण सूतही कधी जुळलं नव्हतं. अहो-जाहो करत, एकमेकींना वाट देत, दोघींनी इतकी वर्षं काढली होती. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गणवेशातली वहिनी कारखान्याच्या दारात उभी होती.

"ताई, काल मापं घेताना तुम्हाला काय दिसलं, ते मला पुन्हा सांगा. काही गाळू नका."

आत्याने सांगितलं. वहिनीने मध्ये एकदाही हूं की चूं न करता ऐकून घेतलं.

"मला वाटतच होतं," ती म्हणाली. "रोज सगळ्यांसाठी केक भाजते, आग्रह करकरून वाढते, आणि स्वतः चमचाही चाटत नाही. मी विचारलं की चिडते. मला वाटलं, वय आहे." मग ती जायला वळली आणि दारातूनच म्हणाली, "तुम्ही बोललात ते बरं केलंत. हसले ते सगळे, तरी बोललात."

त्याच दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. खारूच्या हृदयाचे ठोके इतके मंदावले होते की तिला दवाखान्यात ठेवून घ्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की हा हट्ट नाही आणि नखराही नाही. हा आजार आहे, आणि जिवावर बेतणारा आहे. कुणामुळे झाला ते शोधत बसू नका, त्याने ती बरी होणार नाही. अन्न हेच तिचं औषध. काय आणि किती, ते सध्या आईवडिलांनी ठरवायचं, वाढायचं आणि ताट संपेपर्यंत तिच्याजवळ बसायचं. ती रडेल, ओरडेल, तुमचा तिरस्कार करतेय असं म्हणेल. ते आजाराचं बोलणं समजायचं आणि बसून राहायचं.

दादा ते ऐकून तिथेच रडला. वहिनीने लांब रजा टाकली आणि बसली. खारू घरी आल्यापासून प्रत्येक जेवणाला, प्रत्येक खाण्याला ती बसत आली होती. ताटं भिरकावली गेली, दारं आपटली गेली, नको नको ते तिला ऐकावं लागलं. ती बसून राहिली. आत्याला दादाकडून हे कळत होतं, आणि ज्या बाईला साधं बटण लावता येत नाही म्हणून ती नाक मुरडत आली होती, त्या बाईविषयी तिच्या मनात काहीतरी हलायला लागलं होतं.

रविवारी सगळे वेळेवर आले. खारू जिना चढून आली, झाकलेल्या आरशांकडे तिने एकदा पाहिलं आणि आत्याकडे पाहिलं. मग खुर्ची आत्याच्या समोरची घेतली. वहिनीने तिचं ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. भात, मासा, बटाटे, लोणी लावलेला पाव, दह्याची वाटी. मग ती शेजारी बसली आणि कुणाला पाणी दे, कुणाला मीठ दे, असं करत राहिली, जणू त्या ताटाशी तिचा काही संबंधच नाही.

छोटू आला तो खोली भरून टाकतच. तो व्यायामशाळा चालवायचा. माणूस मनाचा निर्मळ, पण जिभेला लगाम नाही. खारू दवाखान्यात होती तेव्हा रोज तिच्या उशाशी बसून तिला कोडी घालायचा.

"आज ढग आहेत, नाही?" तो बसता बसता म्हणाला.

"आहेत खरे," दादा म्हणाला.

"पण पाऊस नाही पडणार."

"नाही पडणार."

खारूच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तिने घास घेतला, पुढचा घेतला. आत्याने श्वास सोडला. आबा जुन्या नाटक कंपन्यांच्या गोष्टी सांगायला लागले, दादा हसायला लागला, आणि बराच वेळ सगळं इतकं छान चाललं की छोटूला राहवलं नाही. त्याने खारूकडे मायेने पाहिलं आणि म्हणाला,

"काय गं, गाल आलेत की! आता कशी माणसात आलीस!"

त्याने अगदी आनंदाने म्हटलं होतं. पण खारूचा हात ताटावरच थांबला. तिने चमचा हळूच खाली ठेवला, इतका हळू की आवाजही झाला नाही.

"झालं माझं."

ताट निम्मं भरलेलं होतं.

"अजून आहे," वहिनी म्हणाली.

"मी जेवले. सगळ्यांनी बघितलं."

"अजून आहे, बाळा."

दादाने अस्वस्थ होऊन आबांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अगं, आजच्या दिवस राहू दे. सगळे जमलेत. रात्री थोडं जास्त वाढू."

"रात्रीचं रात्री."

"सूनबाई," आबांनी हात पुसला, "पुरे झालं आता. लेकराला शिक्षा चाललीय की जेवण? ऊठ गं खारू, जा, खिडकीपाशी बस. आज माझा दिवस आहे, मला इथे रडारड नको."

खारूने खुर्ची मागे सरकवली. वहिनीने तिला धरलं नाही, की आवाजही चढवला नाही.

"आबा, तिला ताप असता आणि गोळीची वेळ झाली असती, तर तुम्हीच पाण्याचा पेला घेऊन तिच्यामागे फिरला असतात. पाहुणे आहेत म्हणून गोळी चुकवली असतीत का?"

"गोळी वेगळी आणि भात वेगळा."

"तिच्यासाठी नाही."

"वहिनी, चूक माझी आहे," छोटू म्हणाला. "मी बोलायला नको होतं. तिला कशाला—"

"चूक कुणाचीही असो, भाऊजी. ताट तिचं आहे." ती लेकीकडे वळली. "तुला भीती वाटतेय, ते मला दिसतंय. मी उठणार नाही. तूही उठू नकोस."

आत्या हे सगळं बघत होती. सासरा एका बाजूला, नवरा डळमळीत, दीर खजील, लेक अंगावर धावून यायच्या बेतात. आणि ही बाई मधोमध बसलेली, मांडीवर हात ठेवून.

मग खारू फुटली.

"तुला हेच हवंय! मी खात सुटावं, फुगत जावं! म्हणजे तू जिंकलीस! तुला मला जाडी करायचीय, आत्यासारखी!"

छोटूच्या घशातून सवयीने हसण्याचा अर्धा आवाज निघाला आणि तिथेच मेला. सगळ्यांच्या नजरा आत्याकडे गेल्या. ती काय बोलते याची वाट बघत होते सगळे. अशा वेळी आत्या काहीतरी मजेशीर बोलते आणि सुटका होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याच्या ओठांवर वाक्य आलंही होतं. 'माझ्यासारखं व्हायला फार कष्ट लागतात गं!' पूर्वी कितीदा तरी वापरलेलं, हमखास हशा मिळवणारं वाक्य.

तिने ते गिळलं.

"आत्यासारखी म्हणजे कशी?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

खारूचा चेहरा पांढरा पडला होता. "मला तसं नव्हतं म्हणायचं."

"म्हटलंस ना आता. सांग मला. मी काही मोडून पडणार नाही."

"तू..." खारू अडखळली. "तू मला आवडतेस. तुझी मांडी आवडायची, तुझे दंड आवडायचे. लहानपणी मला तुझ्यासारखंच व्हायचं होतं. पण तू खोलीत आलीस की तुझ्याआधी विनोद येतो. काका बोलतात, आबा म्हणतात हिला कापड पुरणार नाही, सगळे हसतात. तूही हसतेस. आणि मग तू वाढून घेत नाहीस, पुन्हा मागत नाहीस. मी बघायचे. मला वाटायचं, माझं असं होता कामा नये. मला कुणी हसता कामा नये." तिचा आवाज फाटला. "नुसतं एवढंच होतं आधी. मग ते थांबेचना."

आत्याला वाटलं होतं, आपण हसतो म्हणजे कुणाला काही दिसत नाही. या पोरीने मशिनपाशी पाय हलवत बसून सगळं पाहिलं होतं. वाढून घेतलेलं नाही, तेसुद्धा.

"मला ते आवडायचं नाही," आत्या म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. "एकदाही आवडलं नाही. मी हसायचे, कारण न हसता तिथे बसायचं कसं, ते मला कळायचं नाही."

"अगं, चेष्टा असते घरातली," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही मला मापं घ्यायला शिकवलंत तेव्हा पहिली गोष्ट काय सांगितलीत?"

आबांनी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"माप मोठ्याने उच्चारायचं नाही. समोर नट असो की नटी, जाडजूड असो की काटकुळं, माप मनात धरायचं आणि पाठ फिरवून लिहायचं. कारण माणूस तिथे उघडा उभा असतो, त्याला लाज वाटता कामा नये. आपल्या दारात आलेल्या कुठल्याही परक्या माणसाला तुम्ही कधी लाजवलं नाहीत. त्यासाठी मी तुम्हाला मानते. पण हा मान मला का नाही? मी याच खोलीत वाढले ना?"

आबा उठले आणि सगळ्यांकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन बसले.

छोटूने डोकं खाजवलं. एवढा दणकट गडी, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा दिसत होता. "ताई, मला वाटायचं तुला मजा येते."

"नाही येत."

"बरं." त्याने टेबलावर हात ठेवला. "बंद. आजपासून बंद. आणि खारू, तुला मी जे बोललो—"

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "आता हवामान."

आणि आश्चर्य म्हणजे खारूला हसू आलं. रडता रडताच, नाकातून, पण आलं. त्या हसण्याबरोबर तिचे खांदे जरा खाली आले. वहिनीने ती संधी सोडली नाही. ताट उचललं, कोपऱ्यातल्या शेगडीवर सगळं पुन्हा गरम केलं आणि परत आणून ठेवलं.

"एक घास घेतला की आत कुणीतरी ओरडायला लागतं, आई," खारू हळूच म्हणाली. "तुला ऐकू येत नाही."

"ओरडू दे. माझ्या बसमध्येही मागे कुणीतरी ओरडतच असतं. इथे थांबवा, तिथे वळवा, आम्हाला उशीर होतोय. मी सगळ्यांचं ऐकलं असतं तर बस नदीत गेली असती. मी रस्त्याकडे बघते. तू चमच्याकडे बघ. ओरडणाऱ्याला ओरडू दे."

खारूने चमचा उचलला. घास तोंडात गेला.

तिच्याकडे कुणी बघायचं नव्हतं आणि शांतताही ठेवायची नव्हती. आत्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने भुवई जराशी उंचावली, बोला काहीतरी. इतक्या वर्षांत दोघींमध्ये एवढं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं.

"छोटू, तुला राजाची विजार आठवते का?" आत्याने सुरुवात केली. "तो ढेरपोट्या... नाही, ढेरपोट्या नाही. तो राजाचं काम करणारा. स्वतःचं माप स्वतःच कमी करून सांगायचा. चौथ्या अंकात लढाई होती. त्याने तलवार उपसली, 'उभा राहा, अधमा!' म्हणून पाय मागे टाकला, आणि टर्रर्र—"

"तिसऱ्या अंकात," खिडकीतून आवाज आला.

"चौथ्या, आबा."

"तिसऱ्या. चौथ्यात तो मेलेला असतो. मेलेल्या माणसाची विजार कशी फाटेल?" आबा वळले. चुकीची सांगितलेली नाटकाची गोष्ट त्यांना सहन होत नसे. ते पुन्हा टेबलापाशी आले आणि आपली खुर्ची ओढून बसले. "आणि मी त्या विजारीत माया ठेवली होती चांगली. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड," हे त्यांनी वहिनीला सांगितलं, तिला शिवणातलं काही कळत नाही म्हणून. "त्यालाच ती नको होती. आत काही आहे असं दिसतं म्हणे. माझ्या पाठीमागे दुसऱ्याकडून कापून घेतली."

"मग काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काय होणार? राजा पाठमोरा, लोक समोर. पण शत्रूचं काम करणारा गडी हुशार. त्याने आपला झगा काढला, राजाच्या कमरेभोवती गुंडाळला आणि म्हणाला, 'महाराज, तुमच्या शौर्याने मी शरण आलो.' लढाईच संपवली! लेखक पडद्याआड केस उपटतोय, आणि लोक टाळ्या वाजवतायत."

छोटू टेबलावर थापा मारून हसत होता. खारू हसता हसता ठसकली, पाणी प्यायली, आणि पुन्हा चमचा भरला. मासा संपला. पाव संपला. बटाट्यांपाशी ती पुन्हा अडली, डोळे भरून आले, आणि वहिनी फक्त म्हणाली, "आहे मी." मग बटाटेही संपले.

आबा बोटांनी चादर सारखी करत होते. "माणूस कमीजास्त होतोच," ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. "आजारी पडतो, बरा होतो, बाईला लेकरू होतं, म्हातारपण येतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. कपड्याने जागा द्यायची असते. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगत आलो." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "तुला सांगायचं राहिलं, पोरी."

आत्याने मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि आज रडारड नको होती.

दह्याची वाटी रिकामी झाली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शाब्बास म्हटलं नाही. दादाने तसं बजावलं होतं. पण दादा स्वतःच उठून कापडाच्या गठ्ठ्यांमागे गेला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

मग आबांनी धंद्याचं काय ते सांगितलं. सगळे धरून चालले होते की कारखाना दादाला मिळणार. तो थोरला, शिवाय कापड बेतण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"मी तसंच ठरवून आलो होतो," आबा म्हणाले. "पण जेवताना विचार बदलला. ही खोली आत्या चालवतेय, मी नुसता खुर्चीत बसतो. तिची आहे, तिलाच राहू दे."

आत्याने घाबरून दादाकडे पाहिलं. पण दादाच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"मला दुपारी घरी जायचंय," तो म्हणाला. "रोज नाही, दिवसाआड. मी बसेन खारूपाशी. मघाशी मी 'राहू दे' म्हणालो, आणि ही एकटी पडली. हिला बस चालवून किती दिवस झाले. ही एकटीच घर धरून किती बसेल?"

"तुला जमेल?" वहिनीने विचारलं. "ती रडली की तू विरघळतोस."

"रडेन तिच्याबरोबर. पण उठणार नाही."

ते त्याने पुढे निभावलं. पहिल्या दिवशी तो खरंच रडला, दुसऱ्या खेपेला कमी रडला. त्या रविवारी सगळं मिटलं असं मात्र नव्हे. थंडीत खारू पुन्हा घसरली, पुन्हा दवाखाना झाला, आणि एकदा तर वहिनीने डॉक्टरीणबाईंना विचारलं की हे कधी संपेल का. संपतं, त्या म्हणाल्या, वेळ लागतो, पण संपतं. आत्याच्या कारखान्यात त्यानंतर कुणाच्या अंगावरून विनोद झाला नाही. छोटूने व्यायामशाळेच्या दारावरची 'आधी आणि नंतर'ची चित्रं स्वतःच्या हाताने उतरवली. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी आबा, दादा आणि छोटू खाली दुकानात गेले. खारू झाकलेल्या आरशांपाशी पाय पसरून बसली होती, दमलेली, जिंकल्यासारखी मुळीच न दिसणारी. आत्या भांडी गोळा करायला लागली. एक ताट तिच्या हाताला लागलं, कोरडं. त्यावर एक शीतही पडलेलं नव्हतं. ती जागा वहिनीची होती.

वहिनी शेगडीपाशी उभी राहून कप विसळत होती. आत्याने आज पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली, गणवेशाखेरीज तिचा असलेला हा एकच चांगला सदरा, तोही खांद्यावरून ओघळलेला.

"वहिनी, तू जेवलीस का?"

'तू' तिच्या तोंडून कसं गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. वहिनीनेही ते ऐकलं. कप हातात तसाच धरून ती उभी राहिली.

"जेवेन मी नंतर, ताई."

"नंतर कधी? या घरात सगळ्यांना वाढून झालं, गरम करून झालं. तुझ्याजवळ कोण बसतं?"

इतका वेळ न हललेला वहिनीचा चेहरा एकाएकी हलायला लागला. सासऱ्यापुढे न डगमगलेली बाई शेगडीपाशी उभी राहून ओठ दाबत होती.

खारू उठली. तिने ते कोरडं ताट आत्याच्या हातातून घेतलं. भात वाढला, मासा वाढला, बटाटे वाढले, पावाला लोणी लावलं. कमी नाही, जास्त नाही, आई वाढायची तसंच. ताट टेबलावर ठेवून तिने खुर्ची ओढली.

"आई, बस."

"अगं, मी—"

"बस तू." तिने शेजारची खुर्ची ओढली आणि स्वतः तिच्यात बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "मी आहे. मला कुठे जायचं नाही."

वहिनी बसली. आत्याही समोर येऊन बसली, आणि जरा थांबून तिने आपल्यासाठीही पुन्हा वाढून घेतलं.